बिनसहीचं टिपण

सोमवार, ३ अग्रहायण

कॉलेजातले अरित्र मजुमदार आज पुन्हा येऊन गेले. आमच्या ह्यांचं सगळं लेखन दोन खंडांत काढायचं नक्की झालंय. माघातल्या पुस्तकमेळ्यात प्रकाशन. मी चहा ठेवला, मोहरीच्या तेलात कुरमुरे कालवले. माणूस भिडस्त आहे, पण हिरवी मिरची मागून घेतली, तेव्हा बरं वाटलं.

"काकीमा, कवितांचं काही अडत नाही," ते म्हणाले. "सहाही पुस्तकं हाताशी आहेत. अडतंय ते 'कान लावून'चं."

'कान लावून' हे आमच्या शिमुलघाटच्या 'नदीपार' साप्ताहिकातलं सदर. त्याखाली कधी कुणाची सही नसे. चौघं आळीपाळीनं लिहीत. हे, मालक बिश्वास वकील, डाकघरातले नंदीबाबू आणि ह्यांचे जिवाभावाचे मित्र अनादिदा. वकील गेले, नंदीबाबू गेले, गेल्या माघात हेही गेले.

"अनादिदांना विचारलंत?"

"विचारलं. म्हणाले, कुठलं कुणाचं ते आता आठवत नाही. बौदींना दाखवा, त्या ओळखतील."

बौदी, म्हणजे वहिनी, ती मीच. अनादिदांना शाळेत शिकवलेल्या पोरांचे हजेरीचे क्रमांक अजून पाठ आहेत. पण वय झालं की एकीकडचं राहतं, एकीकडचं जातं. खंडांची प्रस्तावना तेच लिहिताहेत. दुसऱ्या कुणी लिहिलेली मला चालली नसती.

अरित्र झेरॉक्सची जाडजूड चळत ठेवून गेले. जे ह्यांचं वाटेल त्यावर खूण करायची. बघते म्हटलं, पण खरं सांगायचं तर मन भरून आलं. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. अक्षरं दादाच्या पाटीवरून चोरून उचलली, आणि वाचन शिकले ते 'नदीपार'च्या प्रुफांवर. प्रेसमधून ओली प्रुफं घरी येत. मी मूळ कागद मोठ्यानं वाचायची, हे पेन्सिल घेऊन प्रुफावर बसायचे. विरामचिन्हंसुद्धा म्हणावी लागत. मध्ये 'स्वल्पविराम', वाक्य संपलं की 'दांडी'. शेजारणी विचारायच्या, बागचींची नवी सून दुपारभर कसली दांडी दांडी करत असते?

गुरुवार, ६ अग्रहायण

अर्धी चळत झाली. ओळखायला फार वेळ लागत नाही. बिश्वास वकिलांचं टिपण कोर्टात उभं असल्यासारखं सुरू होतं. नंदीबाबूंना मांजरं फार. हे नेहमी वासापासून सुरुवात करतात. तागाच्या गंजीचा वास, शाईचा वास, जलंगीला पाणी चढलं की येणारा वास.

शिवाय माझे शब्द. माझं माहेर नदीपलीकडचं, बरिशालचं. आता तो परका देश. हे इकडचे. लग्नानंतर माझ्या बोलण्याला हसत, आणि हसता हसता शब्द खिशात घालत. कुरमुऱ्यांना आमच्याकडे 'हुडूम' म्हणतात. आठवडाभर मला हुडूम हुडूम म्हणून चिडवलं, आणि पुढच्याच महिन्यात तो शब्द कवितेत. मला राग आला नव्हता. सासरी मी बरोबर काही आणलं नव्हतं. जे आणलं ते कामाला आलं, असं वाटायचं.

एक शब्द मात्र राहून गेला. 'ढाकबाती'. आमच्या घरी रात्री नावेनं कुणी यायचं असलं, की आजी कंदिलाशेजारी सूप उभं करायची. उजेड फक्त घाटाकडे पडे, रस्त्याच्या बाजूला अंधार. त्या झाकल्या दिव्याचं हे नाव आमच्या घरापुरतंच. हे कोशात पाहून आले होते, तिथे नव्हता. मी सांगितला तेव्हा पडल्या जागचे उठून बसले. म्हणाले, "हा कुणाला देऊ नकोस. ह्याची मी कविता करणार आहे." नवं पुस्तक आलं की मी आधी तोच शोधायची. सहा पुस्तकांत आला नाही. कवितेचं तसंच असतं, म्हणायचे, बोलावून येत नाही.

रविवार, ९ अग्रहायण

आज माझी फजिती झाली. लोहाराच्या भात्यावरचं एक सुरेख टिपण मी ह्यांचं म्हणून खूण करून ठेवलं होतं. अरित्र हसले. "काकीमा, हे नंदीबाबूंचं. त्यांनी पुढे स्वतःच्या पुस्तकात घेतलंय." मी म्हटलं, मांजर नव्हतं ना त्यात, म्हणून फसले.

मग इकडचं तिकडचं बोलणं झालं. कलकत्त्याच्या दैनिकानं ह्यांना जिल्हा प्रतिनिधी म्हणून कधी घेतलं, ते त्यांना टिपून हवं होतं.

"युद्धाच्या वर्षी. पौषात. एवढी मोठी गोष्ट, पण आम्ही संदेशची मिठाईही वाटली नाही. तोंड नव्हतं. अनादिदांचा पोंचू नुकताच गेला होता."

"त्याच महिन्यात?"

"आधीच्या. अग्रहायणात."

अरित्रांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि बराच वेळ वहीकडेच पाहत बसले. चहा तसाच टाकून गेले. चहात साखर जास्त झाली असेल.

पोंचू म्हणजे अनादिदांचा धाकटा भाऊ, पंचानन. त्या दिवसांत कॉलेजातली मुलं क्रांती करायला घरं सोडून जात होती आणि पोलीस त्यांच्या मागावर असत. पोंचू गुपचूप भावाकडे येऊन राहिला होता. हे कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नंतर कळलं. एके पहाटे पोलिसांनी त्याला उचलला, आणि नंतर तो वीटभट्टीच्या खालच्या अंगाला नदीकाठी मिळाला. पोटचं पोर नसलेल्या मुकुलनं, अनादिदांच्या बायकोनं, त्याला लेकरासारखा वाढवला होता. तेव्हापासून मुकुल आमच्याकडे आली नाही. वाटेत दिसली तर पदर सावरून निघून जाते. दुःखच तसं होतं, मी कधी बोल लावला नाही. अनादिदा मात्र यायचे थांबले नाहीत. दर रविवारी ह्यांच्याशी बुद्धिबळ, अगदी हे जाईपर्यंत. ह्यांना खांदाही त्यांनी दिला.

बुधवार, १२ अग्रहायण

सापडला. ढाकबाती.

आज आणखी लिहवत नाही.

शुक्रवार, १४ अग्रहायण

ते टिपण इथे उतरवून ठेवते. किती वेळा वाचलं तरी तेच आहे.

"नव्या गुळाचा वास घेत नदीकाठानं चालत गेलं, की वीटभट्टी ओलांडल्यावर शेवग्याचं झाड लागतं. त्याखालच्या घरात हल्ली दिवा झाकून ठेवतात. पूर्वेकडची माणसं ह्याला ढाकबाती म्हणतात, उजेड ज्याच्यासाठी असेल त्याच्याच वाट्याला यावा म्हणून केलेली सोय. घरात माणसं दोन, आणि मागच्या ओट्यावर ताटं वाळतात तीन. हा कुणाचा पाहुणचार, असं नदीनं विचारलंच, तर तिला काय सांगावं?"

युद्धाच्या वर्षातला अग्रहायण. भट्टीपलीकडे, शेवग्याखाली, घर एकच. अनादिदांचं.

ताटं मी पाहिली होती. मुकुलकडे बोराचं लोणचं आणायला गेले होते. मी विचारलं, कोण आलंय गं? ती म्हणाली, कोण येणार, एक ताट नुसतंच खराब झालं होतं, धुऊन टाकलं. मला गंमत वाटली. घरी येऊन ह्यांना भात वाढता वाढता म्हटलं, मुकुल चोरून कुणाला तरी जेवू घालतेय, माहेरचं कुणी असेल. हे हसले नाहीत. आणखी थोडी डाळ घाल, म्हणाले.

सकाळपासून मी दुसरं काही शोधतेय. नंदीबाबूंनी लिहिलं असेल? त्यांना हा शब्द कुठून? आणि सुरुवात गुळाच्या वासानं.

शनिवार, १५ अग्रहायण

कधी वाटतं, त्यांना ते वाक्य आवडलं असेल, बस. चांगलं वाक्य सुचलं की ह्यांना समोरचा माणूस दिसेनासा व्हायचा. माझ्या आईच्या तेराव्याला लोकांत बसून एक ओळ सुचली, तर तिथून उठून गेले होते. पोंचूची आठवण झाली नसेल. घर ओळखू येईल हे लक्षात आलं नसेल.

मग वाटतं, गावातलं शेंबडं पोरही ओळखेल असं घर ह्यांना कळलं नसेल?

फोटोसमोर गेले होते. विचारायचं होतं. पण फोटोत ते नेहमी उजव्या हाताला खाली बघतात, कुणीतरी लिहायला कागद दिल्यासारखे.

सोमवार, १७ अग्रहायण

मुकुलकडे गेले. इतक्या वर्षांत त्या घराची पायरी चढले नव्हते. शेवगा तोडलाय. अनादिदा वाचनालयात गेलेले बघूनच गेले.

मुकुल अंगणात डाळीचे सांडगे घालत होती. वर न बघता म्हणाली, "पायाखाली बघ. वाळत घातलंय."

मी बाजूला बसले. कागद पुढे केला. तिनं हातसुद्धा लावला नाही.

"ठाऊक आहे काय आहे ते. मला चष्मा नको त्याला."

"तुला कधीपासून ठाऊक?"

"छापून आलं त्या संध्याकाळपासून. अख्ख्या शिमुलघाटात तो शब्द मी एकाच तोंडातून ऐकला होता. तुझ्या. घाटावर कपडे धुताना तू आजीची गोष्ट सांगितली होतीस."

"मग बोलली का नाहीस गं?"

"कुणाला बोलू? तुला?" आता तिनं वर पाहिलं. "बागचीबाबूंची अक्षर न् अक्षर प्रुफं निभा वाचते, हे गावाला माहीत. मी म्हटलं, हिनं मोठ्यानं वाचलं असेल, तो पेन्सिल घेऊन बसला असेल. ताटं तीन, स्वल्पविराम. नदीनं विचारलं तर, स्वल्पविराम."

मी सांगितलं, मी ते वाचलेलं नाही. त्या आठवड्यात मी इथे नव्हतेच. ह्यांनी मला राणाघाटला दादाकडे पाठवलं होतं. आपणहून. कितीतरी दिवस गेली नाहीस, जाऊन ये, म्हणाले. नवी तांताची साडी आणून दिली होती जायला.

सांगता सांगता माझंच माझ्या कानावर पडलं.

मुकुलनं ऐकून घेतलं. हाताला लागलेली डाळ ताटलीच्या कडेला पुसत राहिली. मग म्हणाली, "कोणत्या रंगाची?"

"काय?"

"साडी."

"पिस्ता. लाल काठ."

"आठवते. त्याच्या दहाव्याला तीच नेसून आली होतीस. मी म्हटलं, हिची हिंमत बघ."

अनादिदांना हे माहीत आहे का, ते मी विचारलं. तर ती एकदम सावध झाली. "नाही. आणि तू सांगायचं नाहीस. भाऊ गेला. त्या माणसाकडे एक मित्र उरला होता, तोही मी काढून घेऊ? दर रविवारी धुतलेला पंजाबी कुडता घालून निघायचे बुद्धिबळाला. मी बटणं लावून द्यायची."

निघताना तिनं सांडगे दिले नाहीत. पूर्वी कधी हात रिकामे पाठवायची नाही.

गुरुवार, २० अग्रहायण

अरित्रांना चळत परत दिली. सगळ्यांत वर तेच टिपण ठेवलं, खूण करून.

त्यांनी पाहिलं आणि लगेच खाली सरकवलं. "हे राहू दे, काकीमा. झेरॉक्स पुसट आहे. छापायला नीट येणार नाही."

"नीट येतंय. मी चष्म्याशिवाय वाचलं."

"चौघांपैकी कुणाचंही असू शकतं."

"ह्यांचंच आहे."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "काकीमा, तुम्ही नाही म्हणालात, तर हो म्हणायला आता कुणी उरलेलं नाही. जरा विचार करा. शिवतोषबाबूंच्या नावानं रस्ता होतोय. मुलांच्या पाठ्यपुस्तकात कविता घ्यायचं चाललंय."

"पोंचूच्या नावानं काय होतंय?"

त्यांनी चळत उचलून सारखी केली. मग म्हणाले, "तुमचं म्हणणं बरोबर आहे. खरं ते खरं. घेऊ आपण."

भला माणूस आहे. माझ्याच मनात उगाच आलं, की तो टाळेल.

मुकुलनं सांगू नको म्हटलं होतं, ते मी मोडलं का? अनादिदांना तोंडानं सांगणार नाही. पुस्तकात वाचतील. त्यापेक्षा मला काही सुचत नाही. ह्यांच्या नावाचं पुस्तक निघणार, त्यात ह्यांनी केलेलं सगळं यावं. माझ्या हातून निवडून घेतलं तर मीही त्यात आले.

मंगळवार, २ पौष

अनादिदा प्रस्तावना वाचून दाखवायला आले. हातातली काठी नवी आहे. 

"बौदी, मध्ये थांबवू नका. शेवटी काय ते बोला."

सुरेख लिहिलंय. दोघं पहिल्यांदा भेटले तो सायकलचा अपघात, हे दुपारी घाटावर कविता म्हणायचे ते, 'नदीपार'ची टाईपं मांडणारा सर्वेश्वर आणि त्याची तपकीर. मी हसलेसुद्धा. मग पुरानंतरच्या मदतीचं वर्ष, आणि त्यानंतर एकदम ह्यांचं चौथं पुस्तक.

"अनादिदा, मधली तीन-चार वर्षं राहिली."

त्यांनी पानं चाळली. "राहिली का? असेल. आता सगळं कुठे धरवतं."

बिचारे. मी पुढे काही म्हटलं नाही. चहा घेतला, जाताना ह्यांच्या फोटोसमोर उभे राहिले आणि काठीनं जमिनीवर दोनदा हळूच ठोकलं. बुद्धिबळात राजाला शह दिला की असेच ठोकायचे.

सोमवार, १४ माघ

पुस्तक आलं. कव्हर गडद निळं. मी गद्याचा खंड उघडून सरळ 'कान लावून' काढलं. सदराचं प्रत्येक पान पाहिलं. मग शेवटून सुरुवातीकडे पाहिलं.

नाही.

आणि सुरुवातीला संपादकांचं निवेदन आहे: "कोणती टिपणं शिवतोष बागची यांची, याचा निर्वाळा त्यांच्या पत्नी श्रीमती निभा बागची यांनी प्रत्येक टिपण स्वतः वाचून दिला आहे. त्यांनी जी शिवतोषबाबूंची नाहीत असं सांगितलं, ती वगळली आहेत."

माझं नाव आजवर कधी छापून आलं नव्हतं.

रिक्षा करून अरित्रांच्या घरी गेले. ते जेवत होते, तसेच उठले. हात खरकटा.

"संपादन समितीत मत पडलं, काकीमा. माझा इलाज चालला नाही. अनादिबाबूंच्या तब्येतीचाही विचार करावा लागला."

"वगळलंत ते वगळलंत. मी नाही म्हटलं असं का छापलंत?"

"भाषेची पद्धत असते ती. संपादकीय."

"तुमच्या पद्धतीत मी काय बोलले ते बदलतं?"

त्यांची बायको दारात येऊन उभी राहिली, पाणी घेऊन. मी प्यायले नाही. ह्यांनी मला न विचारता माझा शब्द वापरला, आणि अरित्रांनीही. फरक इतकाच, की ह्यांना मी दुपारी भात वाढत होते.

बुधवार, १६ माघ

उद्या प्रकाशन. मंचावर मला शाल देणार आहेत. अरित्रांनी निरोप पाठवलाय, दोन शब्द बोललं तरी चालेल, नाही बोललं तरी चालेल.

साधी पांढरी साडी इस्त्री केली.

शुक्रवार, १८ माघ

काल झालं ते लिहून ठेवते, कारण गाव आता वेगवेगळं सांगेल.

नगरपालिकेचा हॉल भरला होता. रजनीगंधाचे हार, मुलींचं गाणं, मग भाषणं. अनादिदा प्रस्तावनेतला सायकलचा अपघात बोलले, लोक हसले. ते मंचावर माझ्या शेजारच्याच खुर्चीत. मुकुल दुसऱ्या रांगेत, कडेला.

शाल अंगावर आली. अरित्र माईक माझ्यासमोर धरून म्हणाले, काकीमांना काही सांगायचं असेल तर. मला बोलता येत नाही, मला वाचता येतं. पिशवीतून तो कागद काढला आणि म्हणाले, "हे पुस्तकात राहून गेलंय. मी वाचते."

आणि सवय अशी, की तोंडातून प्रूफ वाचल्यासारखंच बाहेर पडलं. "नव्या गुळाचा वास घेत नदीकाठानं चालत गेलं, स्वल्पविराम, की वीटभट्टी ओलांडल्यावर शेवग्याचं झाड लागतं, दांडी." हॉलमध्ये हशा पिकला. प्रेमाचाच होता. कुणीतरी म्हणालं, बघा, अजून प्रुफं तपासताहेत. मी वाचत राहिले. झाकल्या दिव्याच्या वाक्याला पुढच्या रांगेतले निवृत्त मुन्सफ डोळे मिटून 'आहा' म्हणाले. मागून आणखी दोघं-चौघं म्हणाले. आमच्या गावाला सुंदर वाक्य सोसवत नाही, दाद बाहेर पडतेच. "घरात माणसं दोन, स्वल्पविराम, आणि मागच्या ओट्यावर ताटं वाळतात तीन, दांडी." इथेही एक 'आहा' आला, पण अर्धाच. मुन्सफांनी डोळे उघडले. जुनी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. भट्टी, शेवगा, तिसरं ताट. कुणाच्या तरी हातातून कार्यक्रमपत्रिका पडली.

प्रश्नचिन्ह म्हटलं आणि अंक-तारीख वाचली. मग म्हणाले, "लेखक शिवतोष बागची."

लग्न झाल्यापासून मी हे नाव तोंडानं घेतलं नव्हतं. जनगणनेवाला आला तरी शेजारणीकडून सांगवत असे. घेतलं तर काही झालं नाही. जीभ जशी होती तशीच राहिली.

"हे त्यांचं नाही असं मी म्हटलेलं नाही. पुस्तकात चुकीचं छापलंय."

अरित्रांनी माईक काढून घेतला आणि मुलींना पुढचं गाणं म्हणायला सांगितलं. त्या बिचाऱ्यांना पेटीचा सूर सापडेना. मी अनादिदांकडे वळले. वाटलं होतं, त्यांना धक्का बसेल, धरायला लागेल. तर ते मांडीवर हात ठेवून शांत बसले होते. चष्मा त्यांनी मघाशीच काढून खिशात ठेवला होता, मी कागद पिशवीतून काढत होते तेव्हाच. का ते कळलं नाही.

ते मुकुलकडे बघत होते, मुकुल त्यांच्याकडे. दोघांची तोंडं सारखी दिसत होती. मला वाटलं मुकुल माझ्यावर चिडेल. पण मी त्या वेळी तिच्या हिशेबातच नव्हते. ती नवऱ्याकडे अशी बघत होती, जसं घरात कित्येक वर्षं असलेल्या माणसाची पहिल्यांदा ओळख करून दिली आहे.

मी एकटीच घरी आले. शाल खुर्चीवर ठेवून आले.

शनिवार, १९ माघ

दिवसभर कुणी आलं नाही. दूधवाला दूध ठेवून हाक न मारता गेला. अरित्रांच्या समितीनं चिठ्ठी पाठवलीय, मेळ्यातल्या सगळ्या प्रतींत निवेदनाच्या जागी दुरुस्तीचा कागद चिकटवणार आहेत. काय लिहिणार ते कळवलेलं नाही.

संध्याकाळी कडी वाजली. मुकुल. पुढच्या दारानं आली आणि पाहुण्यासारखी खुर्चीत बसली. ह्यांच्या फोटोकडे पाठ करून.

"अनादिदा?" मी विचारलं.

"घरी आहेत. काल रात्रीपासून मी स्वयंपाक केलेला नाही, त्यांनी मागितला नाही." मग म्हणाली, "त्यांना ठाऊक होतं, निभा. छापून आलं त्या दिवसापासून. पाळी त्यांची होती त्या आठवड्याची, तुझ्या नवऱ्यानं मागून घेतली होती. मला कळू नये म्हणून जात होते बुद्धिबळाला. रविवार चुकला असता, तर मी विचारलं असतं."

 चहा टाकू का, विचारलं.

"चहा नको. मला पोंचूबद्दल सांग."

"मी काय सांगू? तुझ्याच घरात वाढला तो."

"माझ्या घरात इतकी वर्षं कुणी त्याचं नाव काढलेलं नाही. हे माझ्यासाठी गप्प, मी ह्यांच्यासाठी. जे होतं तेही पुसट झालंय. तुला काय आठवतं ते सांग. काहीही."

मी आठवू लागले. म्हटलं, एकदा आमच्या विहिरीवर आला होता, बारा-तेरा वर्षांचा असेल, पायाला चिखल. मी बादली भरून दिली तर म्हणाला, बौदी, मी आधी तोंड धुतो, पाय तर परत भरणारच आहेत.

"हो," मुकुल म्हणाली. "असंच बोलायचा." आणि खुर्ची जरा पुढे ओढून बसली. "पुढे?"